सावकाराच्या वह्या तपासणारे न्यायमूर्ती

निफाडचे सुपुत्र न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे समाजसुधारक, इतिहासकार आणि अर्थचिंतक म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची अनेक वर्षे मात्र कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी झालेल्या एका कायद्याची अंमलबजावणी गावोगाव फिरून तपासण्यात गेली. पगाराआधी उचल देणाऱ्या मोबाइल ॲपच्या आजच्या काळात त्यांच्या कार्याची ही काहीशी विस्मृतीत गेलेली बाजू पुन्हा पाहण्याजोगी आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातील निफाड आज द्राक्षे आणि कांद्यासाठी ओळखले जाते. लासलगावची प्रसिद्ध बाजारपेठ याच तालुक्यात आहे. पेशवाई बुडून जेमतेम पाव शतक लोटले असताना, १८ जानेवारी १८४२ रोजी, निफाड येथे रानडे यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत कारकून होते. पुढे त्यांनी कोल्हापूर संस्थानची नोकरी पत्करली आणि महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. आई गोपिकाबाईंचे छत्र लहानपणीच हरपले.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एल्‌एल. बी. अशा पदव्या त्यांनी संपादन केल्या. अखंड वाचनाने त्यांचे डोळे तरुणपणीच अधू झाले आणि हा त्रास जन्मभर सोबत राहिला. भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक अशी निरनिराळी कामे केल्यावर १८७१ च्या अखेरीस ते पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा खरा प्रारंभ येथून झाला.

तीन वर्षांचे खत

न्यायासनावर बसलेल्या रानडे यांच्यासमोर येणारे दिवाणी दावे बहुतांशी कर्जवसुलीचे असत. त्या दाव्यांमागची गुंतागुंत समजल्याखेरीज त्यांच्या पुढील कार्याचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

गावात सावकार पूर्वीपासून होता. बी-बियाणे, बैल, लग्न, सरकारी सारा या सर्वांसाठी कुणब्याला त्याच्याकडे जावे लागे. परंतु कर्जाची वसुली गावच्या पंचांच्या आणि परंपरेच्या मर्यादेत चाले. जमीन विकून कर्ज वसूल करण्याची पद्धत रूढ नव्हती. इंग्रजी अमदानीत दोन गोष्टी बदलल्या. रयतवारीने जमिनीवर शेतकऱ्याचे नाव लागले आणि ती विक्रीयोग्य झाली. दुसरीकडे, सावकाराच्या हाती दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आला. त्याच्या बळावर तो जमीन जप्त करू शके आणि ऋणकोला दिवाणी तुरुंगातही धाडू शके.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जरोख्यावरून तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर तो मुदतबाह्य ठरू लागला. जुन्या, शिळ्या मागण्यांपासून ऋणकोचे रक्षण व्हावे हा या कायद्याचा हेतू होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेऊ लागला आणि नव्या खतात थकलेले व्याज मुद्दल म्हणून दाखल होऊ लागले.

हिशेब मांडला म्हणजे याचा परिणाम स्पष्ट होतो. शंभर रुपयांचे कर्ज दरमहा दर शेकडा दोन रुपये दराने घेतले आणि काहीच फेड झाली नाही, तर तीन वर्षांनी १७२ रुपयांचे नवे खत होते. सहा वर्षांनी ही रक्कम २९५ रुपयांवर, तर नऊ वर्षांनी ५०८ रुपयांवर जाते. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या नियमानुसार एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे व्हायचे. परंतु दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे होत गेल्याने तो नियम नावापुरता उरला. न्यायालयासमोर येई ते फक्त शेवटचे खत. त्यावर ऋणकोचा अंगठा असे, त्यामुळे न्यायाधीशाला मागे जाऊन पाहण्याचे कारण उरत नसे. बहुतेक ऋणको न्यायालयात हजरच होत नसत आणि दावे एकतर्फी निकाली निघत.

सुप्याचा बाजार

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाला अभूतपूर्व भाव आला. कर्ज सहज मिळू लागले आणि शेतकऱ्यांनी ते घेतलेही. युद्ध संपले, भाव कोसळले. याच सुमारास जमिनीची फेरपाहणी होऊन अनेक तालुक्यांत सारा वाढला. सावकारांनी नवे कर्ज आखडले आणि जुन्याची वसुली सुरू केली. शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार पडला आणि त्याचे लोण आजूबाजूच्या गावांत गेले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला.

पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे, की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, हुकूमनामे आणि वह्या मागितल्या जात आणि मिळताच जाळल्या जात. जेथे सावकाराने कागद निमूटपणे स्वाधीन केले, तेथे सहसा पुढची मोडतोड झाली नाही. एकूण ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला.

रानडे यांना हा प्रश्न नवा नव्हता. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेत गणेश वासुदेव जोशी यांच्यासमवेत ते काम करीत होते आणि सभेने दंग्यापूर्वीच रयतेच्या आर्थिक स्थितीची पाहणी हाती घेतली होती. शेतकऱ्याच्या दैन्याचे खापर एकट्या सावकारावर फोडणे रानडे यांना मान्य नव्हते. ठरावीक तारखेला रोखीत भरावा लागणारा सारा, पिकाचा अनिश्चित भरवसा आणि कर्जाचा दुसरा कोणताही स्रोत नसणे, या तिन्हींचा एकत्र विचार व्हावा अशी त्यांची भूमिका होती. सरकारी अधिकाऱ्यांना यातील साऱ्याचा मुद्दा रुचणे शक्य नव्हते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रे धाडली आणि रानडे यांच्याविषयीची नाराजी वाढत गेली.

नाशिकची बदली आणि संशयाचे दिवस

१८७८ च्या प्रारंभी रानडे यांची बदली नाशिकला झाली. जन्मजिल्ह्यात ते न्यायाधीश म्हणून परतले होते. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख याच सुमारास नाशिकच्या न्यायखात्यात होते आणि दोघांच्या सहवासाने शहरातील सुधारकांच्या लहानशा वर्तुळाला बळ आले. रमाबाई रानडे यांच्या सार्वजनिक वावराची सुरुवातही नाशिकमध्येच, मुलींच्या शाळेच्या निमित्ताने झाली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक याच वर्षी सुरू झाले आणि नाशिकला राहूनही रानडे त्यासाठी लिहीत राहिले.

नाशिकचे वास्तव्य फार काळ टिकले नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र बंड पुकारले. पैसा उभारण्यासाठी त्यांनी घातलेल्या दरोड्यांत सावकारांची घरे होती. फडके यांनी पुण्यात रानडे यांची देशी व्यापारावरील व्याख्याने ऐकली होती, ही गोष्ट सरकारला ठाऊक होती. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्याच महिन्यात रानडे यांना तातडीने धुळ्याला हलवण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर नजर होती, पत्रे उघडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने काही संशयास्पद पत्रेही त्यांच्याकडे आली. ती त्यांनी जशीच्या तशी अधिकाऱ्यांच्या हवाली केली. काही महिन्यांनी संशय निवळला, परंतु घराण्यात सरकारी चाकरीची परंपरा असलेल्या या न्यायाधीशाला ते दिवस जड गेले असणार.

ज्या वर्षी सरकार रानडे यांची पत्रे फोडत होते, त्याच वर्षी त्यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारा कायदा विधिमंडळात मंजूर झाला.

कायद्याने काय दिले?

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा ऑक्टोबर १८७९ मध्ये संमत झाला आणि १ नोव्हेंबरपासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत अमलात आला. नाशिकचा समावेश त्या पहिल्या यादीत नव्हता. हिंदुस्थानातील खासगी कर्जव्यवहारात इतक्या खोलवर हात घालणारा हा पहिल्या काही कायद्यांपैकी एक होता.

शेवटच्या खतावर न थांबता कर्जाचा व्यवहार जेथे सुरू झाला तेथपर्यंत मागे जाण्याचे बंधन या कायद्याने न्यायालयावर घातले. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे नाही आणि दर अवाजवी वाटल्यास वाजवी दर लावायचा, असे ठरले. ऋणकोला बोलावून त्याची जबानी घेणे आवश्यक ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करून विकता येईना. फेडीसाठी हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. दाव्याची मुदत वाढवण्यात आली, त्यामुळे दर तीन वर्षांनी खत बदलण्याची सबब उरली नाही.

न्यायालयाबाहेरची व्यवस्थाही बदलली. दावा लावण्यापूर्वी तडजोड घडवण्यासाठी मध्यस्थ नेमले गेले. लहान दाव्यांसाठी गावमुन्सफ आले. खते गावनिबंधकासमोर लिहिली जाऊ लागली, जेणेकरून निरक्षर शेतकऱ्याला आपण कशावर अंगठा उठवतो ते कळावे. भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती आणि वर्षातून एकदा खात्याचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला.

या कायद्यातील एक तरतूद मात्र दुधारी होती. दावे लवकर निकालात निघावेत म्हणून अशा लहान दाव्यांवरील अपील बंद करण्यात आले. त्याऐवजी वरिष्ठ न्यायाधीशाने कोणीही तक्रार केली नाही तरी स्वतःहून कागदपत्रे मागवून निकालाची वैधता आणि योग्यता तपासावी, अशी व्यवस्था केली गेली. त्यासाठी चार जिल्ह्यांकरिता स्पेशल जज्ज हे पद निर्माण झाले. हे पद भूषवणारी व्यक्ती मन लावून काम करणारी नसती, तर अपिलाविना राहिलेल्या शेतकऱ्याला कोणीच वाली उरला नसता.

दौऱ्यातील वर्षे

१८८१ मध्ये रानडे पुण्यात परतले आणि पुणे-सातारा भागासाठी स्पेशल जज्जांचे सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे काम पाहिले. डॉ. पोलन यांच्यानंतर ते स्वतः स्पेशल जज्ज झाले आणि १८९३ पर्यंत ही जबाबदारी त्यांच्याकडे होती.

हे काम एका जागी बसून होणारे नव्हते. वर्षातील बराच काळ चार जिल्ह्यांच्या तालुक्यांतून फिरण्यात जाई. कचेरीत पोहोचल्यावर निकाली दाव्यांची कागदपत्रे मागवायची. ऋणकोची जबानी खरोखर घेतली का, व्यवहार मुळापासून उलगडला का, व्याज मुद्दलापासून वेगळे काढले का, बांधलेले हप्ते त्या शेताच्या उत्पन्नातून निघण्याजोगे आहेत का, हे पाहायचे. चूक आढळल्यास निकाल दुरुस्त करायचा किंवा फेरतपासणीस पाठवायचा. मध्यस्थांची, गावमुन्सफांची आणि गावनिबंधकांची दप्तरेही नजरेखालून घालायची आणि कायद्याच्या वर्षभराच्या कामाचा अहवाल सरकारला सादर करायचा. डोळे अधू असलेल्या माणसासाठी हे ओझे लहान नव्हते. या दौऱ्यांत रमाबाई अनेकदा बरोबर असत आणि वर्तमानपत्रे व पुस्तके त्यांना वाचून दाखवीत. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींमुळे त्या दिवसांचे घरगुती चित्र आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

कायद्याचा फायदा झालाच. तुरुंगाचे भय गेले, एकतर्फी निकाल घटले, खते नोंदली जाऊ लागली. पण कायद्याला वळसा घालण्याच्या युक्त्याही निघाल्या. गहाणखतावर न्यायालय मागचा इतिहास काढते असे दिसताच सावकार उघड खरेदीखत लिहून घेऊ लागले. जमीन विकली असे कागदावर दाखवायचे आणि कर्ज फिटल्यावर परत देऊ असे तोंडी सांगायचे. कर्ज फिटले तरी जमीन परत मिळेलच याची शाश्वती नसे. पुढील काळातील दुरुस्त्यांनी कागदावरील शब्दांपलीकडे जाऊन व्यवहाराचे खरे स्वरूप ठरवण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. १८८१ पासून १८९५ पर्यंत या कायद्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या आणि १८९१-९२ मध्ये त्याच्या कामाची तपासणी करण्यासाठी आयोगही बसला. तालुक्यातल्या दप्तरातून निघालेली माहिती वार्षिक अहवालात, तेथून सरकारकडे आणि शेवटी विधिमंडळात पोहोचत होती. या साखळीतील एक महत्त्वाची कडी रानडे होते.

विधिमंडळातील खुर्ची

साखळीच्या दुसऱ्या टोकालाही रानडे पोहोचले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या विधिमंडळावर १८८५ मध्ये आणि नंतर १८९० व १८९३ मध्येही त्यांची नियुक्ती झाली. त्या काळच्या विधिमंडळाचा आवाका फारच मर्यादित होता. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढाच सभासदांचा अधिकार होता. सरकारला प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने प्रथमच मिळाली. १८८६ मध्ये सरकारी खर्चात काटकसर सुचवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या समितीवरही मुंबई इलाख्याच्या वतीने ते होते. पुढील वर्षी त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. धुळ्यात ज्यांच्या टपालावर पहारा होता, त्यांच्याच सल्ल्याची सरकारला आठ वर्षांत गरज भासू लागली होती.

नोकरीत राहून सरकारला चार गोष्टी सुनावण्याच्या या मार्गावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. तरुण पिढीला तो फार मवाळ वाटे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहाने अल्पवयीन मुलीशी लग्न केले आणि पंचहौद चहा प्रकरणात प्रायश्चित्तही घेतले. तडजोडीचा हा स्वभाव त्यांच्या आर्थिक विचारांतही दिसतो. शेतीत भांडवल यायला हवे आणि काही जमीन ऐपतदार, काटकसरी वर्गाकडे गेली तरी ते सर्वस्वी अनिष्ट नाही, असे त्यांचे मत होते. गरीब कुळांच्या बाजूने विचार करणाऱ्या पुढील अभ्यासकांना ते खटकले आहे.

बंदी पुरेशी नाही

सावकाराला कायद्याने वेसण घातली, तरी शेतकऱ्याची पैशाची गरज संपत नाही. कायदा जितका कडक, तितका सावकार हात आखडता घेणार आणि शेतकरी अधिक आडमार्गाने कर्ज काढणार. हा प्रश्न रानडे यांना कायद्याच्या आरंभापासूनच दिसत होता. म्हणून नियंत्रणाबरोबरच स्वस्त आणि सचोटीचे कर्ज देणारी संस्था हवी, असा आग्रह त्यांनी धरला.

सर विल्यम वेडरबर्न यांनी १८८२ मध्ये पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे आणली, तिला रानडे यांचा सक्रिय पाठिंबा होता. जुन्या कर्जांची आधी तडजोडीने छाननी करायची, सरकारने ती फेडण्यास रक्कम द्यावी आणि पुढील कर्जे बँकेने माफक व्याजाने द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने योजनेला अनुकूलता दाखवून १८८४ मध्ये ती लंडनला पाठवली. तेथे मात्र भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. तगाईचे कायदे १८८३ आणि १८८४ मध्ये झाले, परंतु सरकारी कचेरीतून मिळणारी तगाई सावकाराची जागा घेण्याइतकी सुलभ कधीच झाली नाही.

रानडे यांनी या विषयाचा पाठपुरावा सोडला नाही. रशियातील भूदासांची मुक्तता, प्रशियातील जमीनविषयक कायदे, डच ईस्ट इंडीजमधील लागवडीची पद्धत यांवर त्यांनी लेख लिहिले. पुण्यात १८९० मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक परिषदेच्या निमित्ताने त्यांनी युरोपातील जमीन-तारण बँकांचा आणि पतसंस्थांचा आढावा घेऊन हिंदुस्थानात तशी रचना उभारण्याची मांडणी केली. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले आर्थिक नियम जसेच्या तसे हिंदुस्थानला लावता येणार नाहीत, हे त्याचे सूत्र होते. स्पेशल जज्ज म्हणून वाचलेल्या असंख्य खतांचा अनुभव त्या सिद्धांतामागे होता. सावकार आणि कुणबी हे दोघे समान बळाचे पक्ष आहेत आणि त्यांच्यातील करार मुक्त मनाने झाला आहे, असे ती खते वाचणाऱ्याला म्हणवणार नव्हते.

शेवटची वर्षे

काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेवर नोव्हेंबर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पुण्यातील राजकारण दरम्यान बदलले होते. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली आणि पुढील वर्षी रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. सामाजिक परिषद, प्रार्थना समाज, मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन ही कामे चालूच होती. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिकवणुकीची कसोटी लवकरच लागली. त्याच वर्षी मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. सारा थकून सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हा शेतकऱ्याला देताना त्या विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात तरतूद होती. सावकारापासून संरक्षण हे कारण पुढे करण्यात आले होते. रानडे यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विधिमंडळाचे सभासद होते. पर्यायी कर्जाची सोय न करता पत तेवढी हिरावून घेणे म्हणजे संरक्षण नव्हे, या भूमिकेतून त्यांनी विरोध केला. सरकार ऐकत नाही असे दिसताच ऑगस्ट १९०१ मध्ये फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. विधेयक मंजूर झाले. तीन वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि रानडे ज्या संस्थात्मक कर्जाची मागणी करीत होते त्याची वाट खुली झाली.

उचल, ॲप आणि खातेउतारा

पुढील शतकात मुंबई सावकारी अधिनियम १९४६ मध्ये आला आणि त्याची जागा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने घेतली. परवाना, पावती, हिशेबाचा उतारा या तरतुदी नव्या कायद्यातही आहेत. सावकारीच्या ओघात खरेदीखताच्या रूपाने बळकावलेली जमीन, व्यवहार मागील पंधरा वर्षांतील असल्यास, चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांना त्यात देण्यात आला. रानडे यांच्या काळात निघालेली खरेदीखताची युक्ती सव्वाशे वर्षांनीही टिकून होती, हेच यातून दिसते.

कर्जाचे स्वरूप मात्र बदलले आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कामगाराला महिनाअखेरीस पैसे कमी पडले, तर पूर्वी मुकादमाकडून किंवा शेठकडून उचल घ्यावी लागे. आता मोबाइलवर काही मिनिटांत पगाराआधी रक्कम मिळते. व्याजाऐवजी शुल्क असा शब्द वापरला जातो आणि फेड लांबली की नवे कर्ज काढून जुने भागवले जाते. तीन वर्षांचे खत आता तीस दिवसांचे झाले आहे.

अशा कर्जांवर देखरेख कोणाची, हा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. म्हणजे त्या बाबतीत राज्य विधिमंडळाचा हात पोहोचत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे सांगणारे पत्रक कर्जदाराला आधी द्यावे, रक्कम थेट त्याच्या खात्यात जमा व्हावी आणि ठरावीक मुदतीत दंडाविना कर्ज परत करण्याची मुभा असावी, अशा अटी त्यांत होत्या. २०२५ मध्ये हे नियम अधिक विस्ताराने निर्देशांच्या स्वरूपात काढण्यात आले.

नियम १८७९ मध्येही चांगलेच होते. निरक्षर शेतकऱ्याला खातेउतारा मागण्याचा हक्क होता, पण तो त्याला खरोखर मिळतो का हे पाहण्यासाठी कोणीतरी तालुक्याच्या कचेरीत जाऊन दप्तर उघडावे लागे. रानडे यांनी ते काम वर्षानुवर्षे केले. जे आढळले ते सरकारला लिहून कळवले आणि केवळ निर्बंधांनी भागणार नाही, हेही निक्षून सांगितले. कर्जाच्या नव्या नियमांचे मूल्यमापन करताना संसदेने आणि विधिमंडळाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की कर्जदाराच्या हाती पडलेला हिशेब तपासून पाहण्याचे काम आज कोणाकडे आहे आणि तो आपला अहवाल कोणापुढे ठेवतो.